टकटक, घरघर आणि अचानक अंधार

घरातल्या डेस्कटॉपच्या पेटीत खरोखर हलणाऱ्या वस्तू दोनच प्रकारच्या असतात: पंखे आणि हार्ड डिस्क. जुना डीव्हीडी ड्राइव्ह अजून शिल्लक असेल तर तीन. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी हे सगळे जागच्या जागी बसून काम करतात. त्यामुळे पेटीतून नवा आवाज येऊ लागला की संशयितांची यादी एकदम आखूड होते. उलट ‘संगणक मधेच बंद पडतो’ एवढीच तक्रार असेल, तर वीज, उष्णता, रॅम, डिस्क, ड्रायव्हर, विंडोजचा ताजा अपडेट यांपैकी काहीही दोषी असू शकते. म्हणून बंद पडणारा संगणक आवाजही करत असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने ती चांगलीच बातमी असते.

मात्र दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, हे आधीच धरून चालू नये. वर्षभर घरघरणाऱ्या पंख्याकडे कोणी लक्ष दिलेले नसते. मग एक दिवस रॅम बिघडते, संगणक कोसळू लागतो आणि सगळा आळ त्या बिचाऱ्या पंख्यावर येतो. खरा प्रश्न वेळेचा आहे. आवाज आधी येतो आणि मग संगणक बंद पडतो, की दोन्ही एकाच क्षणी होते, की दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही? आवाज सकाळी पहिल्यांदा चालू करताना येतो, की दुपारी तासभर गेम खेळल्यावर? बंद पडताना निळा पडदा येतो, चित्र गोठते, की कोणी स्विच बंद करावा तसा अंधार होतो? दोन-तीन दिवस हे वहीत टिपले, तर स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच अर्धे निदान झालेले असते.

याला एक अपवाद आहे. आवाज हार्ड डिस्कचा वाटत असेल, तर वहीबिही बाजूला ठेवून संगणक लगेच बंद करावा. बाकी कुठलाही भाग बाजारात मिळतो. डिस्कवरचे लग्नाचे फोटो, मुलीचा प्रबंध आणि सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

हार्ड डिस्क हे यंत्र म्हणून थक्क करणारे आहे. पहिली व्यापारी डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून साधारण पाच मेगाबाइट मावत. आजच्या मोबाइलमधला एखादाच फोटो. आता घरातल्या साडेतीन इंची डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने फिरणाऱ्या पृष्ठभागावरून वाचणारे-लिहिणारे टोक, म्हणजे हेड, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जाते. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. डिस्क उघडून धूळ पुसून पाहण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

चांगल्या डिस्कचाही आवाज असतोच. एक मंद, सलग गुणगुण आणि फाइल शोधताना होणारी हलकी कुरकुर. संगणक बंद करताना एकदा ‘टक’ होते, ते हेड आपल्या विसाव्याच्या जागी गेल्याचे. चिंतेचा आवाज वेगळा ओळखू येतो: ठरावीक अंतराने, लयीत, पुन्हा पुन्हा येणारे टक... टक... टक. आपण तबकडीवर नेमके कुठे आहोत हे हेडला समजावे म्हणून कारखान्यातच तबकडीवर खुणा लिहिलेल्या असतात. हेड दुखावले किंवा त्या खुणा वाचता आल्या नाहीत, तर अंधारात चाचपडणारा माणूस पुन्हा दाराशी येऊन नव्याने सुरुवात करतो तसे ते मूळ जागी परत येते आणि परत निघते. प्रत्येक फेरीला एक टक. बऱ्याच फेऱ्यांनंतर डिस्क प्रयत्न सोडते आणि मोटर थांबते. संगणकाच्या बाजूने पाहिले, तर मागितलेली माहिती येतच नाही. आधी चित्र मिनिटभर गोठते, माऊस मात्र कधी कधी हलत राहतो, आणि मग सगळे कोसळते.

याहून वाईट आवाज खरवडल्यासारखा असतो. तेव्हा हेड तबकडीला घासत असते आणि प्रत्येक सेकंदाला चुंबकीय थर, म्हणजेच तुमची माहिती, खरवडून निघत असते. अशा वेळी शटडाऊनची वाट पाहू नये, सरळ वीज तोडावी. लॅपटॉपच्या जुन्या डिस्कमध्ये तिसरा प्रकार आढळतो. आत बारीक ‘पीं पीं’ होते आणि तबकडी फिरतच नाही. हेड तबकडीला चिकटून बसलेले असते आणि मोटर जोर लावून थकते.

तरी टकटक ऐकली की डिस्क मेलीच, असे जाहीर करण्याआधी एक साधी गोष्ट करावी. डिस्कला पुरेशी वीज मिळाली नाही तरी ती असाच आवाज करते. एक्सटर्नल डिस्क असेल तर दुसरी केबल लावावी आणि ती यूएसबी हबमध्ये न खोचता संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये खोचावी. आतली असेल तर साटा केबल आणि विजेचा कनेक्टर बदलून पाहावा. दहा मिनिटांचे काम आहे. तेवढ्याने टकटक थांबली नाही, तर पुढचे प्रयोग डिस्कवर करू नयेत.

इथे मला आपल्याकडच्या सर्वात लोकप्रिय उपायाबद्दल बोललेच पाहिजे: ‘फॉरमॅट मारून बघू.’ आजारी डिस्कवर याच्याइतका वाईट उपाय नाही. फॉरमॅट करून नवी विंडोज टाकताना मोडक्या हेडकडून गिगाबाइटच्या गिगाबाइट लिहून घेतले जातात. गंमत म्हणजे त्यानंतर संगणक काही दिवस बराही चालतो, कारण नव्या फाइली योगायोगाने तबकडीच्या चांगल्या भागावर पडलेल्या असतात. दुकानदाराचे पैसे वसूल होतात. दोन आठवड्यांनी टकटक परत येते, आणि आता वाचवण्यासारखे काही उरलेले नसते. चेकडिस्क हा विंडोजमधला उपायही इथे घातक ठरतो, कारण पूर्ण तपासणी निवडली तर तो अख्खी डिस्क इंच-इंच वाचून काढतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला तर विसरूनच जावा. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरते, आणि काही नॅनोमीटरवरून जाणाऱ्या हेडला पाण्याचा थेंब म्हणजे भिंत असते.

डिस्क अजून वाचली जात असेल, तर आधी जिवाभावाचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि चित्रपट-गाणी शेवटी. अनेक जागी अडखळत असेल, तर लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू वापरावे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडलेल्या जागांशी नंतर झुंजते. माहिती खरोखर मोलाची असेल आणि डिस्क टकटकत असेल, तर आपण काहीच न करता ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी. त्यांच्याकडे धूळरहित खोली असते, तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड असते, आणि बिलही तसेच असते.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम ती दाखवतो. ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे शून्य असावेत. ते वाढत असतील तर नवी डिस्क घ्यावी. पण या नोंदीवर सगळी भिस्त ठेवू नये. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचनचूक सापडली, की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते, असे त्यात दिसले. पण बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवलेली नव्हती. म्हणजे स्मार्टने ‘वाईट’ म्हटले तर विश्वास ठेवावा, ‘ठीक’ म्हटले तर नाही.

आवाज आणि डिस्क यांचे नाते उलट दिशेनेही चालते, आणि त्या गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कांच्या रॅकसमोर उभे राहून जोरात ओरडून दाखवले, आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कांना लागणारा वेळ त्याच क्षणी उसळला. कंपनाने हेड वाटेवरून ढळत होते. २०१६ च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवणाऱ्या वायूची चाचणी झाली. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजाने डिस्क निकामी झाल्या आणि बँकेची कार्डे आणि एटीएम काही तास बंद पडली. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये लिहिलेला किस्सा तर कहर आहे. विंडोज एक्सपीच्या काळात जॅनेट जॅक्सनचे ‘रिदम नेशन’ लावले की काही लॅपटॉप कोसळत, आणि शेजारी ठेवलेला, गाणे न वाजवणारा लॅपटॉपसुद्धा कोसळे. गाण्यातली एक कंपनसंख्या ५,४०० फेऱ्यांच्या विशिष्ट डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होती. उत्पादकाने मग तेवढाच स्वर गाळणारी चाळणी लॅपटॉपच्या ध्वनियंत्रणेत बसवली. तेव्हा सबवूफर कॅबिनेटला टेकवून ठेवला असेल, तर तो जरा दूर सरकवलेला बरा.

एसएसडीला यातले काही लागू नाही. ती आवाज करत नाही, म्हणजे जातानाही काही सांगत नाही. एसएसडी बसवली म्हणून बॅकअप सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्याकडे वारंवार दिसणारा एक प्रकार, जो परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. ‘आतून टक असा आवाज येतो आणि संगणक रिस्टार्ट होतो.’ लय नाही, एकच टक. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी, बहुधा संध्याकाळी किंवा पावसाळ्यात. लोक डिस्क बदलतात, रॅम बदलतात, विंडोज नवी टाकतात. हा टक संगणकाचा नसतोच. तो टेबलाखालच्या यूपीएसमधल्या रिलेचा असतो. २३० व्होल्टचा दाब क्षणभर खाली येतो, शेजारच्या घरात पाण्याची मोटर चालू होते किंवा लाइनवर फांदी टेकते, आणि यूपीएस भार बॅटरीवर टाकतो. आतली १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी दोन-तीन वर्षांत संपलेली असते. ती भार पेलत नाही आणि संगणक मरतो. पुढच्याच क्षणी वीज पूर्ववत होते, त्यामुळे दिवे मिणमिणल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही. परीक्षा सोपी आहे. संगणकावर काही महत्त्वाचे उघडे नसताना यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करावा. त्याच क्षणी अंधार झाला, तर बॅटरी बदलायची आहे, संगणक नव्हे.

जाता जाता, कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. वीजतज्ज्ञाला बोलवावे. त्याचा संगणक कोसळण्याशी संबंध असेल-नसेल, पण अनवाणी माणसाशी नक्की आहे.

पंख्यांकडे वळू. घरघर, किरकिर, पत्रा थरथरल्याचा आवाज हे सगळे पंख्यांचे. स्वस्त पंख्यांत बुश असतो. त्यातले वंगण वाळले की सकाळी थंड असताना पंखा कुरकुरतो आणि गरम झाल्यावर शांत होतो. कोणता पंखा ते ओळखायला झाकण उघडून, संगणक चालू ठेवून, संशयित पंख्याच्या मधल्या गोल भागावर बोट एखादा सेकंद अलगद टेकवावे. पाती नव्हे, मधला भाग. पंखा थांबताच आवाज थांबला, तर चोर सापडला. कधी कधी दोष पंख्यात नसतोच, एखादी वायर सुटून पात्याला लागत असते. बुशमध्ये शिवणयंत्राचे तेल सोडणे हा आपला पारंपरिक उपाय. तो महिनाभर टिकतो. पंखा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, बदलून टाकावा.

पंखा थांबला किंवा धुळीने गुदमरला, तरच त्याच्या आवाजाचा आणि कोसळण्याचा धागा जुळतो. प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीची गादी बसते. वरून पंखा मजेत फिरताना दिसतो, खाली वारा पोचत नाही. तापमान चढते, पंखा अधिक जोरात फिरू लागतो, आवाज वाढत जातो. आजचे प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सियसजवळ स्वतःचा वेग कमी करतात आणि त्यानेही भागले नाही, तर जीव वाचवायला बंद होतात. म्हणून उष्णतेच्या बिघाडाला ठरावीक क्रम असतो: आवाज चढतो, काम मंदावते, मग अंधार. लगेच चालू केले तर काही मिनिटांत पुन्हा अंधार, अर्ध्या तासाने चालू केले तर बरा वेळ चालतो. हे संरक्षण पूर्वी सगळीकडे नव्हते. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालत्या संगणकांचे कूलर उपटून दाखवले, तेव्हा पेंटियम ४ मंद होऊन तगला आणि एएमडीचा अॅथलॉन धूर सोडून गेला.

दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअरने धूळ उडवायची असेल, तर पंख्याचे पाते धरून ठेवावे. वाऱ्याने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जाते. इंटेलच्या डब्यातल्या कूलरचे चार प्लास्टिकचे पाय हाताने हलवून पाहावेत. एखादा सुटलेला असतो आणि कूलर एका बाजूने अधांतरी राहतो. हा दोष मी ऐकलेल्या ‘मदरबोर्ड गेला’ अशा निदानांपैकी बऱ्याच निदानांमागे निघाला आहे. कूलर काढलाच, तर वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी, वाटाण्याएवढी लावावी.

काही आवाज हलणाऱ्या वस्तूंचे नसतात. गेम सुरू झाला की येणारी आणि पडद्यावरच्या हालचालीप्रमाणे बदलणारी बारीक चिरचिर ही ग्राफिक्स कार्डातल्या किंवा एसएमपीएसमधल्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या, कॉइलची असते. त्रासदायक असते, धोक्याची नसते. पण एसएमपीएसमधून तडतड आली, जळका वास आला आणि संगणक भार वाढताच झटक्यात रिस्टार्ट होऊ लागला, तर विषय वेगळा आहे. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असते. त्या छापील आकड्यावर माझा तरी विश्वास नाही. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या आणि काळ्या तारेत ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, तेही भार असताना. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोळ्यांनी तपासता येतात. माथा सपाट असावा. फुगलेला, फाटलेला किंवा तपकिरी चिकट द्राव आलेला नसावा. या शतकाच्या सुरुवातीला सदोष द्राव भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले. एकट्या डेल कंपनीने २००५ मध्ये त्यापायी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. तेव्हाचा संगणक अजून वापरात असेल, तर आधी तिथे पाहावे.

रॅमचा बिघाड मूक असतो. त्याची खूण म्हणजे विसंगती: आज निळ्या पडद्यावर एक कोड, उद्या दुसरा, परवा ब्राउझर आपोआप बंद. चालू करताना पडदा काळा आणि नुसती बीप-बीप असेल, तर बहुधा रॅम नीट बसलेली नाही. बीपांचा अर्थ बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलतो, तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावा. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पटल चढते. दुकानात ते खोडरबरने घासतात. चालते, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड अधिक बरे. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एकही चूक निघाली तर एकेक रॅम वेगळी लावून तपासावी.

आणि सॉफ्टवेअर? तेही कोसळवतेच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. त्यांचे पंखे, डिस्क, रॅम सगळे ठणठणीत होते. विंडोजमधल्या रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये तारखेनिहाय नोंद दिसते. कोसळणे ज्या दिवशी सुरू झाले त्याच दिवशी कुठला ड्रायव्हर किंवा अपडेट आला, ते तिथे पाहावे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसले म्हणून एसएमपीएस बदलायला धावू नये. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ते तर आपल्याला माहीतच असते.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर संगणक दुरुस्तीला न्यावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत, किंवा गावातल्या एकुलत्या एका दुकानात. नेताना वहीतल्या नोंदी आणि आवाजाचे मोबाइलवरचे रेकॉर्डिंग बरोबर न्यावे. दुकानात गेलेला संगणक हटकून शांत राहतो. आणि दोष डिस्कमध्ये नसेल, तर डिस्क काढून घरी ठेवावी. चार स्क्रू आणि दोन केबल एवढेच काम असते, आणि कारागिराकडे तपासणीसाठी त्याची स्वतःची डिस्क असतेच.